शब्द लिहिला, पोचला कधी?

१५ सप्टेंबर १७८७, शनिवारची संध्याकाळ. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया स्टेट हाउसमध्ये जवळपास चार महिने बंद दाराआड चाललेली चर्चा संपली आणि मंजूर झालेला मसुदा जेकब शॅलस नावाच्या माणसाच्या हाती आला. शॅलस हा पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचा सहायक कारकून. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. मधे एक रविवार आणि दोन रात्री. समोर सुमारे २९ इंच उंच आणि २४ इंच रुंद अशी चार चर्मपत्रं, पिसाची लेखणी आणि शाईची दौत. त्यानं साडेचार हजारांच्या आसपास शब्द वळणदार अक्षरात उतरवून दिले. मेहनताना मिळाला ३० डॉलर.

हा लेख साधारण दोन हजार शब्दांचा आहे. असे सव्वादोन लेख म्हणजे अमेरिकेची अख्खी मूळ राज्यघटना. मोठ्यानं वाचली तर अर्ध्या तासात संपते. आपल्या घटनेत सुरुवातीलाच ३९५ कलमं होती. या घटनेत सात. आज ३३ कोटींहून अधिक माणसांचा कारभार त्या चार पानांवर आणि नंतर जोडलेल्या २७ दुरुस्त्यांवर चालतो.

पहिल्या पानाच्या पंधराव्या ओळीत एक खाडाखोड आहे. चर्मपत्रावरची शाई पुसून जात नाही, चाकूच्या पात्यानं खरवडून काढावी लागते. तिथे आधी लिहिलं होतं ‘चाळीस’, खरवडून लिहिलं ‘तीस’. ही खाडाखोड लपवलेली नाही. चौथ्या पानावर, सह्यांच्या शेजारी, शॅलसनं आपल्या हातानं नोंद करून ठेवली आहे की पंधराव्या ओळीतला ‘तीस’ हा शब्द काही अंशी खरवडलेल्या जागेवर लिहिला आहे. आपल्याकडे दस्तात खाडाखोड झाली की समासात तशी नोंद करून सही घेतात, त्यातलाच प्रकार.

या शब्दामागे एक प्रसंग आहे. घटना घडवणाऱ्या त्या अधिवेशनाचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन चार महिने चर्चेत पडलेच नव्हते. १७ सप्टेंबरला, सह्यांच्या दिवशी, ते उठले. मसुद्यात म्हटलं होतं की प्रतिनिधिगृहात दर चाळीस हजार लोकांमागे एकाहून जास्त प्रतिनिधी नसावा. लोकांच्या हक्कांना एवढ्यानं पुरेसं संरक्षण मिळत नाही असं अनेक सभासदांना वाटतं, तेव्हा आकडा तीस हजारांवर आणण्याच्या सूचनेला आपला पाठिंबा आहे, असं त्यांनी सांगितलं. कोणीही विरोध केला नाही. एका प्रतिनिधीमागे माणसं जितकी कमी, तितका सामान्य माणसाचा आवाज त्याच्या कानापर्यंत जाईल, असा तो साधा विचार होता.

आता २०२० च्या जनगणनेचा आकडा पाहा: एका प्रतिनिधीमागे सरासरी ७,६१,१६९ माणसं. प्रतिनिधींची संख्या १९१३ पासून ४३५ वर थांबली आहे आणि माणसं वाढत राहिली. तीस हजारांचा हिशेब आज लावला तर ११,०४८ प्रतिनिधी बसवावे लागतील. एवढ्या माणसांनी एका सभागृहात बसून कायदे करणं कठीण, हे मला कळतं. पण ज्या आकड्यासाठी वॉशिंग्टन चार महिन्यांचं मौन सोडून उठले, त्याच्या पंचवीसपट माणसं आज एका दारात उभी आहेत. घटनेतला शब्द कोणी बदललेला नाही. तो जमिनीवर मात्र उरला नाही.

सिनेटचंही असंच झालं. राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला दोन सिनेटर. १७९० मध्ये सर्वांत मोठ्या व्हर्जिनियाची लोकसंख्या सर्वांत छोट्या डेलावेअरच्या साधारण तेरापट होती. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख माणसं होती आणि वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख. अडुसष्टपट. सिनेटर मात्र दोघांचेही दोन.

मला या घटनेच्या आकड्यांत सर्वांत जास्त धडकी भरवतात ते छोटे आकडे.

सह्या झाल्या म्हणजे घटना झाली नव्हती. ५५ जण अधिवेशनाला आले होते, त्यांतल्या ३९ जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडनं तर कोणाला पाठवलंच नव्हतं. पुढे तेरापैकी नऊ राज्यांची मंजुरी हवी होती, आणि त्यासाठी राज्याराज्यांत खास परिषदा भरल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८. दहा माणसांनी हात उलट्या बाजूला वर केला असता तर संपलं होतं. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९. तिथे सहा माणसं पुरली असती. न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७, तिथे दोन. ऱ्होड आयलंड शेवटी १७९० च्या मे महिन्यात आलं ते ३४ विरुद्ध ३२ मतांनी. एक माणूस फिरला असता तर बरोबरी. नऊचा आकडा न्यू हॅम्पशायरनं आधीच गाठला होता हे खरं, पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कशिवाय तो देश नकाशावर तीन तुकड्यांत उरला असता.

इतकी चुरस कशामुळे? लोक एकच प्रश्न विचारत होते: यात आमचे हक्क कुठे आहेत? अधिवेशन संपायला पाच दिवस असताना व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी हक्कांची सनद जोडावी असं म्हटलं होतं. राज्यवार मतं घेतली गेली. बाजूनं शून्य, विरुद्ध दहा. मेसन यांनी सही केली नाही. आज ज्या हक्कांसाठी ही घटना जगभर ओळखली जाते, ते मांडले गेले तेव्हा त्यांना एकाही राज्याचं मत पडलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये बाजी पलटली ती दुरुस्त्यांच्या आश्वासनावर, आणि पुढच्या राज्यांनीही तीच वाट धरली.

जेम्स मॅडिसन यांनी १७८९ च्या जूनमध्ये हा विषय पहिल्या काँग्रेसपुढे आणला. प्रतिनिधिगृहानं १७ दुरुस्त्या मंजूर केल्या, सिनेटमधून १२ झाल्या, राज्यांनी १० स्वीकारल्या. १५ डिसेंबर १७९१ ला हक्कांची सनद झाली. तिच्यातली पहिली दुरुस्ती इंग्रजीत ४५ शब्दांची आहे. धर्म, भाषण, वृत्तपत्र, शांतपणे एकत्र जमणं, सरकारकडे दाद मागणं, हे पाच हक्क त्या ४५ शब्दांत बसवले आहेत. यापेक्षा कमी शब्दांत यापेक्षा जास्त माणसांना आधार देणारं वाक्य मला माहीत नाही.

बारातल्या दोन मागे राहिल्या. एक होती काँग्रेस सदस्यांच्या पगाराबद्दल: आपला पगार वाढवलात तर ती वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू. ती पडून राहिली. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं तिच्यावर निबंध लिहिला. दुरुस्ती अजून जिवंत आहे, कारण तिला मुदतच घातलेली नाही, हा त्याचा मुद्दा. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. मग तो राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहीत सुटला. दहा वर्षांनी, मे १९९२ मध्ये, ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली. काँग्रेसनं पाठवल्यापासून २०२ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. २०१७ मध्ये त्या निबंधाची श्रेणी बदलून ‘ए’ करण्यात आली. उरलेली दुसरी दुरुस्ती प्रतिनिधींच्या संख्येबद्दलची, म्हणजे त्याच तीस हजारांच्या हिशेबाची. ती अजूनही राज्यांपुढे पडून आहे.

पण मंजूर झालेल्या दहांचं काय झालं? सनद झाली म्हणजे नागरिकाला हक्क मिळाले, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. १८३३ मध्ये बाल्टिमोरच्या एका धक्कामालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही सनद केंद्र सरकारला बांधते, राज्यांना नाही. माणसाचा रोजचा संबंध येतो तो राज्याच्या पोलिसांशी, राज्याच्या न्यायालयाशी, राज्याच्या तुरुंगाशी. तिथे सनद बाहेर उभी. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनं दार किलकिलं झालं, आणि मग एकेक हक्क आत यायला विसावं शतक निम्मंअधिक गेलं.

त्यातला एक हक्क एका पेन्सिलीनं आत आणला. क्लॅरेन्स अर्ल गिडियन हा फ्लॉरिडातला पन्नाशीचा माणूस, आठवीपर्यंत शिकलेला, आधी तुरुंगवास भोगलेला, खिशात पैसा नाही. जून १९६१ मध्ये पनामा सिटी गावातला एक पूल खेळायचा अड्डा फोडून सिगारेटच्या यंत्रातली मोड आणि थोडी दारू नेल्याचा आरोप त्याच्यावर आला. न्यायालयात त्यानं वकील मागितला. न्यायाधीशांनी सांगितलं, फ्लॉरिडात सरकारी खर्चानं वकील मिळतो तो फाशीच्या गुन्ह्यातच. त्यानं स्वतःच साक्षीदार तपासले, स्वतःच भाषण केलं आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन तो रेफोर्डच्या तुरुंगात गेला. तिथल्या ग्रंथालयात त्यानं कायद्याची पुस्तकं चाळली. जानेवारी १९६२ मध्ये तुरुंगाच्या रेघी कागदावर, शिसपेन्सिलीनं, ठसठशीत छापील वळणाच्या अक्षरात त्यानं पाच पानी अर्ज लिहिला आणि वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाला पोस्टानं पाठवला. स्पेलिंगच्या चुका होत्या. मुद्दा एकच होता: मला वकील दिला नाही, आणि सहावी दुरुस्ती सांगते की आरोपीला वकिलाची मदत असली पाहिजे.

फ्लॉरिडानं इतर राज्यांना आपल्या बाजूनं उभं राहायला बोलावलं, तर वीसहून अधिक राज्यांनी उलट गिडियनची बाजू घेतली. १८ मार्च १९६३ ला निकाल लागला. नऊ विरुद्ध शून्य. राज्याच्या न्यायालयातही गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला, तो गरीब असेल तर, वकील दिलाच पाहिजे. ऑगस्टमध्ये गिडियनचा खटला पुन्हा चालला, या वेळी वकिलासह. वकिलानं मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी नीट केली. ज्यूरी साधारण तासाभरात परत आली: निर्दोष. तेच गाव, तोच आरोप, तोच माणूस. मधे फक्त एक वकील आला होता. एकट्या फ्लॉरिडात दोन हजारांच्या आसपास कैदी या निकालामुळे सुटले.

हक्क कागदावर आला १७९१ मध्ये. गिडियनपर्यंत पोचला १९६३ मध्ये. १७२ वर्षं. या काळात वकिलाशिवाय उभी राहून शिक्षा घेऊन गेलेली माणसं किती, याची मोजणी कोणी करू शकत नाही.

घटना बदलून हे लवकर करता आलं नसतं का? दुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि राज्यांत तीन-चतुर्थांश लागतात. आज पन्नासपैकी ३८ राज्यं. म्हणजे तेरा राज्यांनी मान हलवली नाही की संपलं. सर्वांत छोटी तेरा राज्यं घ्या, वायोमिंगपासून आयडाहोपर्यंत. २०२० च्या जनगणनेत त्यांची एकत्र लोकसंख्या १ कोटी ४६ लाखांच्या घरात. देशाच्या शंभरातली साडेचार माणसंसुद्धा नाहीत. आजवर काँग्रेसमध्ये ११ हजारांहून अधिक दुरुस्त्या मांडल्या गेल्या. राज्यांकडे गेल्या ३३, आणि झाल्या २७. त्यांतही एकविसावी आली ती अठरावी रद्द करायला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षं शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या अशा असाधारण अटींचा उल्लेख करून सांगितलं होतं की आपण आपल्या घटनेत दुरुस्तीची वाट सोपी ठेवली आहे. आपल्या शंभरावर घटनादुरुस्त्यांना आपण नावं ठेवतो. मला मात्र ते उघडं दार त्या कुलपापेक्षा बरं वाटतं.

हे कुलूप एकदा युद्धानं उघडलं, आणि तो हिशेब सर्वांत जड आहे.

घटनेचे इंग्रजीतले पहिले तीन शब्द म्हणजे ‘आम्ही लोक’. १७९० च्या पहिल्या जनगणनेत हे लोक भरले ३९ लाख २९ हजार. त्यांतले सात लाखांच्या घरात गुलाम, म्हणजे शंभरात अठरा. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणसाला तीन-पंचमांश धरायचं, असं घटनेतच लिहिलं होतं. पाच माणसं मोजली की तीन. त्या तिघांच्या जोरावर जागा मिळत मालकांच्या राज्यांना. आणि ‘गुलाम’ हा शब्द मूळ घटनेत एकदाही नाही. साडेचार हजार शब्दांत तो शिताफीनं टाळला आहे.

सत्तर वर्षांनी, १८६० च्या जनगणनेत, गुलामांची संख्या होती ३९ लाख ५३ हजार. वरचा आकडा पुन्हा पाहा. घटना सुरू झाली तेव्हा अख्ख्या देशात जेवढी माणसं होती, त्याहून जास्त माणसं आता त्याच घटनेखाली गुलाम होती.

पुढच्या यादवी युद्धात जुन्या अंदाजाप्रमाणे ६ लाख २० हजार सैनिक मेले. नंतरच्या अभ्यासकांनी आकडा आणखी वर नेला आहे. त्यातून आली तेरावी दुरुस्ती. ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधिगृहात ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. लागत होती ११७. म्हणजे गरजेपेक्षा फक्त दोन मतं जास्त. इंग्रजीत तिचे शब्द ४३. जुनाच अंदाज धरला तरी एका शब्दामागे चौदा हजारांहून अधिक मृत्यू. गुलामगिरी हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आला तो असा, तिला बंदी घालताना.

आणि तरीही अंतर उरलं. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही, हे पंधराव्या दुरुस्तीत १८७० मध्ये लिहिलं गेलं. १९६५ चा मताधिकार कायदा होण्याआधी मिसिसिपीत पात्र कृष्णवर्णीयांपैकी मतदारयादीत होते ६.७ टक्के. १९६७ पर्यंत झाले ५९.८ टक्के. पंचाण्णव वर्षांत जे झालं नाही ते दोन-अडीच वर्षांत झालं. घटनेतलं अक्षर तेच होतं. फरक इतकाच की आता केंद्राचा अधिकारी मतदारनोंदणीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी सेनेका फॉल्सच्या सभेत १८४८ मध्ये झाली. ७२ वर्षांनी, ऑगस्ट १९२० मध्ये, एकोणिसावी दुरुस्ती एका राज्याच्या मंजुरीवर अडली होती. टेनेसीच्या सभागृहात प्रस्ताव तहकूब करण्यावर दोनदा ४८-४८ अशी बरोबरी झाली. चोवीस वर्षांचा हॅरी बर्न विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून बसला होता. खिशात आईचं पत्र होतं, मताधिकाराच्या बाजूनं उभा राहा म्हणून. त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो ‘हो’ म्हणाला. अडीच कोटींहून अधिक स्त्रियांच्या मताधिकाराचा रस्ता त्या एका होकारानं मोकळा झाला.

महाराष्ट्राचं या गोष्टीशी एक जुनं नातं आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण करून, ज्यांनी निग्रोंना गुलामीतून सोडवण्यासाठी निरपेक्षपणे स्वतःला झोकून दिलं. तेराव्या दुरुस्तीला तेव्हा आठ वर्षंही पुरी झाली नव्हती. पुण्यात बसलेल्या माणसाला हजारो कोस दूरच्या त्या ४३ शब्दांचं मोल कळलं होतं आणि आपल्या देशबांधवांनी त्यातून धडा घ्यावा अशी त्याची आस होती.

मिसिसिपी राज्यानं डिसेंबर १८६५ मध्ये ती दुरुस्ती फेटाळली होती. पुरेशा राज्यांनी मान्य केल्यामुळे ती तिथेही लागू झाली, पण राज्याची स्वतःची संमती बाकी राहिली. ती विधिमंडळानं दिली १९९५ मध्ये, आणि ठरावाची प्रत वॉशिंग्टनला पाठवायची राहून गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘लिंकन’ चित्रपट लागला. मिसिसिपीतल्या एका वैद्यकीय विद्यापीठात शिकवणारा, भारतातून जाऊन अमेरिकेचा नागरिक झालेला एक प्राध्यापक तो पाहून घरी आला आणि कोणत्या राज्यानं संमती कधी दिली हे शोधत बसला. त्याला ही चूक सापडली. एका सहकाऱ्यानं जुना ठराव शोधून काढला, राज्याच्या कार्यालयानं कागद पाठवला, आणि ७ फेब्रुवारी २०१३ ला मिसिसिपीची संमती अधिकृतपणे नोंदली गेली. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका छापून झाली, त्याला तेव्हा १४० वर्षं होत आली होती.